मागची खिडकी

मे महिन्यातली दुपार होती. खामगावात बाहेर ४४ अंश, घरात कूलरची घरघर. मी जरा कुठे पाठ टेकली होती, तेवढ्यात मागच्या अंगणातून लेकीची हाक आली, "आई, कपातून धूर येतोय!"

धावत गेले. पायरीवर एक प्लास्टिकचा कप. आत मधासारखं घट्ट, पिवळट काहीतरी. त्यातून धूर निघतोय आणि कप एका अंगाने वितळून वाकलाय. खाली ना जाळ, ना वायर. आपलं आपण तापलेलं.

अशा वेळी आईने "भाजलं तर नाही ना?" असं विचारायला हवं. मी विचारलं, "केवढ्याचं होतं ते?"

तुम्ही हसाल, पण तुमच्याही तोंडून हे कधी ना कधी गेलंच असेल. पोरं काही सांडतात, फोडतात, जाळतात, आणि आपल्या डोक्यात आधी किंमत येते, मग पसारा, मग "मी म्हटलं होतं ना". पोराचा चेहरा येतो सगळ्यात शेवटी. आपण वाईट नसतो हो. दिवसभराची नोकरी, स्वयंपाक, घरातलं म्हातारं माणूस, वरून हे ऊन. आपलंच डोकं तापलेलं असतं.

तर त्या कपाची गोष्ट.

लेक नववीतून दहावीत गेलेली. गेल्या वर्षभरात तिने बॅटरीवर उडणारं एक विमान केलं, थर्माकोलच्या शीटचं, मीटरभर पंखांचं, नऊशेक ग्रॅम वजनाचं. मार्चमध्ये ते माझ्या भावाच्या वावरात उडालंसुद्धा. पण दोन-तीन मिनिटांत हवेतच मोटर मंदावायची आणि विमान पऱ्हाटीच्या खुंटांत जाऊन बसायचं. उचलायला जावं तर नाकाडाला हात लाववत नसे, इतकं तापलेलं.

मला वाटलं, बॅटरी उतरली असेल. तिने मला वहीत हिशोब दाखवला. बॅटरी ११.१ व्होल्टची, मोटर ओढते २० अँपिअर. म्हणजे २२२ वॅट. त्यातले ऐंशी टक्के पंखा फिरवण्यात कामी आले असं धरलं, तरी चाळीसेक वॅटची नुसती उष्णता उरते. "आई, बाबांचं ते रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न आहे ना, ते २५ वॅटचं. तशी जवळपास दोन आयर्न माझ्या विमानाच्या बंद नाकात चालू आहेत."

शिवाय या मोटरींतली साधी चुंबकं ८० अंशांच्या पुढे गेली की त्यांचा जोर कमी व्हायला लागतो, आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी ६० च्या वर जाऊ द्यायची नसते. आपल्या घाटाखालच्या उन्हाळ्यात सुरुवातच ४४ पासून. म्हणजे हाताशी उरले सोळा अंश. थंड हवेच्या गावातल्या पोराला जे सहज जमेल, ते आमच्या पोरीला मेहनतीने जमवायचं होतं.

उपाय असा होता : नाकावर बाहेरची हवा आत घेणारा एक छोटा पन्हाळीसारखा भाग बसवायचा. पण तो हलका हवा. विमानाच्या नाकावर चार ग्रॅम वाढले तरी तोल पुढे जातो. पत्रा जड पडतो, कागद तापून वाकतो. म्हणून काचतंतूचं कापड आणि रेझीन, ज्याला आपण सरसकट "फायबर" म्हणतो ते. पाण्याच्या टाक्या, गाडीचे बंपर, कूलरच्या बॉड्या ज्याच्या होतात तेच, फक्त फार पातळ.

पहिला प्रयत्न तर कपाच्याही आधी फसला होता. तिने थर्माकोल कोरून झकास साचा केला. पूर्ण दोन दिवस घासून गुळगुळीत केला. फायबरचं काम करणाऱ्या एका दादाकडून बाटलीभर रेझीन आणलं आणि ब्रशने लावलं. पाच मिनिटांत साचा खड्डे पडून आत बसला. अंगणात उग्र वास आणि तिच्या हातात चिकट लगदा.

झालं होतं असं की टाक्या-बंपरसाठी वापरतात ते पॉलिस्टर रेझीन, आणि त्यातलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. थर्माकोलवर काम करायचं तर इपॉक्सी लागतं. दादाचा यात काहीच दोष नव्हता. त्याला काय ठाऊक, पोरगी ते कशावर लावणार आहे!

त्या दिवशी ती रडली नाही. लगदा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि मोबाइल घेऊन बसली. मी मनात म्हटलं, "बरं झालं, सुटलं ते खूळ. आता अभ्यासाला लागेल." हो, असं वाटलं मला. कबूल करताना लाज वाटते, पण दहावीच्या वर्षात आपल्याला लेकराचं हरणंसुद्धा सोयीचं वाटू लागतं.

जेवताना ती भाजीकडे बघत बसली होती. तेव्हा लक्षात आलं, गप्प बसणं म्हणजे सुटणं नव्हे. दोन दिवसांची मेहनत डोळ्यांसमोर विरघळली, आणि घरात एकानेही "अरेरे" म्हटलं नव्हतं. आपल्या भाकरीची पिठी सांडली तर आपण दिवसभर हळहळतो. तिच्या साच्याला मात्र आपण "पसारा" म्हणून मोकळे झालो.

रात्री मी नुसतं विचारलं, "साचा छान झाला होता गं. परत करता येईल का तसा?" एवढंच. ती अर्धा तास बोलत होती.

मग कुरिअरने इपॉक्सी आलं, आणि त्याचा झाला तो धुमसता कप. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा माझा भाचा आहे, त्याला फोन लावला. त्याने आधी सांगितलं, "आत्या, कपाला हात लावू नका, वाफ घेऊ नका, निवेपर्यंत तसाच दूर राहू द्या." आणि मग हसायला लागला. "सगळं एकदम कालवलं ना तिने?"

तसंच होतं. मध्येच संपायला नको म्हणून पोरीने अर्धा कप रेझीन एकदम कालवलं. हार्डनर पडला की रेझीन स्वतःच तापायला लागतं. खोल कपात ती उष्णता कोंडते, कोंडली की आणखी वेगाने तापतं, त्यात आमची मेची दुपार. "लागेल तेवढंच कालवायचं आणि लगेच पसरट भांड्यात ओतायचं. चहा बशीत ओततो ना आपण, तसं. सकाळी सहाला कर, दुपारी नको."

कपाटातली एक टवका उडालेली बशी मी तिला दिली आणि स्वयंपाकघरातून तिचं नाव कायमचं कमी केलं. हे मात्र लक्षात ठेवा, रेझीनला लागलेलं भांडं परत ओट्यावर येता कामा नये.

आता जरा थांबून तुम्हाला माझी भीती सांगते, कारण तुमचीही तीच असेल. रसायन, धूर, बॅटरी, पंखा. मन म्हणतं, "बंद करा हे सगळं." पण सरसकट "नको" म्हटलं की पोरं बंद करत नाहीत, लपून करतात. म्हणून मी मोजक्या गोष्टींवर हटून बसले आणि बाकीच्यांवर तोंड मिटलं.

रेझीनला हात लावायचा तर हातमोजे घालूनच. इपॉक्सीची एकदा त्वचेला ॲलर्जी बसली तर ती पुढे सुटत नाही. लागलंच तर साबण-पाणी, थिनर नाही. फायबर घासायचं ते पाण्याखाली भिजवून आणि मास्क लावून, तो बारीक चुरा छातीत जायला नको. बॅटरी चार्ज करताना घरातलं मोठं माणूस समोर हवं, बॅटरी फरशीवर, गादीवर कधीच नाही. फुगलेली बॅटरी वापरातून बाद. आणि पंखा बसवलेली मोटर तपासताना विमान घट्ट बांधलेलं आणि आपण पंख्याच्या मागे.

एवढंच. ही यादी तिनेच कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. मी सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी फाटली असती.

आणि एक गंमत. काम बघायला म्हणून मी शेजारी बसले आणि माझाच उपयोग झाला. काचतंतूचं कापड साच्याच्या गोलाईवर बसेना, सुरकुत्या पडत होत्या. ती वैतागली. मी म्हटलं, "अगं, उरेब काप ना. ब्लाउजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी का लावतो? तिरकं कापलं की कापड वळतं." तिने तिरकं कापलं. कापड साच्यावर असं बसलं जसं अंगावर बेतून शिवलंय. माझ्याकडे तिने जे पाहिलं ना, तसं तिने गेल्या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच क्षणी मी चुकलेसुद्धा. खूश होऊन तिच्या हातातला ब्रश घेतला. "दे, मी लावते, तू सांडशील." आपण सगळेच हे करतो. शाळेचा प्रकल्प पोराचा, आणि रात्री अकराला कात्री आपल्या हातात. तिने काही म्हटलं नाही, फक्त दोन पावलं मागे सरकली. ती दोन पावलं मला दिसली, हे माझं नशीब. ब्रश परत दिला.

साच्यावर तिने खाकी पॅकिंग टेप गुंडाळली होती. इपॉक्सी तिला चिकटत नाही, म्हणून वाळल्यावर भाग सुटून येतो. चौरस मीटरला ४९ ग्रॅम भरेल असं कापड, त्याचे दोन थर. रेझीन कापड ओलं होऊन पारदर्शक दिसेल इतकंच, जास्तीचं कागदी रुमालाने टिपून घ्यायचं. तिला खरं तर काळंभोर कार्बन फायबर हवं होतं, दिसायला ऐटीत म्हणून. भाचा म्हणाला, कार्बनमधून रेडिओचा संदेश नीट जात नाही, रिसीव्हर जवळ असला तर काचतंतूच बरा. तिने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. माझं ऐकलं असतं का, हा वेगळा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी भाग सुटला. पोस्टकार्डाहून थोडा लहान, अंड्याच्या टरफलासारखा. तिच्या हिशोबाने तो दोन ग्रॅमचा व्हायला हवा होता : एक ग्रॅम कापड, एक ग्रॅम रेझीन. घरच्या काट्यावर कळेना. आपलं खामगाव पडलं रजतनगरी, तर ती सायकल काढून थेट चांदीच्या दुकानात गेली. तिथल्या काकांनी नाजूक काट्यावर तो तुकडा ठेवला. ४.८२ ग्रॅम.

दुपटीहून जास्त. रेझीन फार झालं होतं. ती घरी आली, न बोलता दुसरा करायला बसली. तो भरला २.७१. रुपयाच्या नाण्याहून हलका. दुकानातल्या काकांनी म्हणे विचारलं, "कशाचा दागिना आहे बेटा?"

आता सगळं जमलं असं वाटलं ना? आम्हालाही. भाग नाकावर बसला, विमान खुर्चीला बांधलं, मोटर दोन मिनिटं चालवली. मोटरीचा वेग सांभाळणारा आतला स्पीड कंट्रोलर तितकाच तापलेला! पुढून हवा आत जातेय, हात धरला की कळतंय, तरी आत भट्टी.

तिने पुढचं तोंड मोठं केलं. फरक नाही. आणखी मोठं केलं. तरी नाही. आणि मग ती फुटली. "मला काहीच येत नाही" इथपासून "तुम्हाला तर दहावीच हवीय" इथपर्यंत. मी पण सुनावणार होते, शब्द ओठांवर होते.

तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या. त्या मूळच्या जळगाव जामोदकडच्या. मी धूळ येते म्हणून खोलीच्या सगळ्या खिडक्या लावून कूलर सुरू केला होता. "अवं, मांगची खिडकी उघड न! हवेले निंघाले वाट नाही तं थंड कशी होईन? नुसतं दमट करून ठेवलं मले."

आपल्याकडे कोणाला हे शिकवावं लागतं का? कूलर खिडकीत लावला की समोरची खिडकी किलकिली ठेवायची. आत येणाऱ्या हवेला जायला जागा नसेल तर कूलर नुसता पाणी पितो. मी खिडकी उघडायला गेले. परत आले तर लेक विमान उलटं करून पोटाखाली पेन्सिलीने खुणा करत होती. डोळे अजून ओले.

हवेला आत यायची जागा होती, बाहेर पडायची नव्हती. तिने मागे पोटाशी फट कापली. नंतर भाच्याने सांगितलं, बाहेरची वाट आतल्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट ठेवायची, कारण हवा तापली की फुगते, तिला जास्त जागा लागते. पुढचं तोंड पुन्हा लहान केलं, तीन चौरस सेंटिमीटर. मागची फट सहा. मोटर दोन मिनिटं चालली. कंट्रोलर कोमट.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. मी मनात माझ्या पोरीच्या दिवसाचा हिशोब करत होते. सकाळी व्हेकेशन बॅच, मग शाळेचा गृहपाठ, संध्याकाळी गणिताची शिकवणी, रात्री "आज काय शिकलीस?" सगळी पुढची तोंडं. ती चिडायला लागली की आपण काय करतो? अजून एक क्लास, अजून एक समजावणी, चार शब्द जास्त. पुढचं तोंड आणखी मोठं.

आणि बाहेर पडायची वाट कोणती? ती चिडली की "आवाज खाली". रडली की "एवढं काय झालं". काही करत बसली की "वेळ वाया". तिच्या बाजूने एक खिडकी उघडी नव्हती. आणि मग आपणच म्हणायचं, पोरगी हल्ली भलती तापट झालीय.

अक्षय्य तृतीयेला आपल्या भेंडवळला घटमांडणी होते. संध्याकाळी घट मांडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाणी, पीक कसं राहील ते सांगायचं. मला वाटतं, आपण आईबाप रोजच घट मांडून बसलेले असतो. नववीच्या चाचणीवरून दहावीचं भाकीत, दहावीवरून नोकरीचं. मीही ते केलंच. विमान जमतंय म्हटल्यावर लगेच सांगायला गेले, "अमोल यादव माहीत आहेत? त्यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर खरंखुरं विमान बांधलं. २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. तूसुद्धा…"

तिने मध्येच थांबवलं. "आई, मला फक्त हे एक विमान नीट उडवायचंय."

बघा, कौतुक करतानाही मी आत हवाच भरत होते. यादवांची गोष्ट फार मोठी आहे, आणि तिच्यातलं मला हल्ली सगळ्यात मोठं वाटतं ते हे की त्या घराने त्यांना गच्ची वापरू दिली. वर्षानुवर्षं पसारा सहन केला. आपल्याला तेवढं नको. अंगणाचा एक कोपरा, एक टवका उडालेली बशी आणि आठवड्यातले दोन तास, ज्यात "याचा पुढे काय उपयोग?" असं कोणी विचारणार नाही.

विमानच हवं असं नाही. तुमच्याकडे कोणी चित्रं काढत असेल, कोणी मोटारसायकलचे सुटे भाग जमवत असेल, कोणी नुसतं गच्चीवर बसत असेल. शाळा-कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर तिथे मॉडेल विमानं शिकवतात, तेही बघा. पण आधी ती मागची फट बघा. आत घालतो त्याच्या दीडपट नाही, निदान बरोबरीने तरी बाहेर पडायला वाट आहे का.

मी अजून शिकतेच आहे. परवाच "आधी गणित, मग विमान" असं ओरडले. मग तासाभराने जाऊन म्हटलं, "जास्त बोलले मी." तिने नुसती मान हलवली. तेही पुष्कळ झालं.

रविवारी पहाटे आम्ही भावाच्या वावरात गेलो. आजूबाजूला वस्ती नाही, विजेच्या तारा नाहीत, काळी जमीन उन्हाने भेगाळलेली. ड्रोन नियम, २०२१ मध्ये अशा हौशी मॉडेल विमानांची वेगळी नोंद आहे. ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. तेवढं मी वाचून ठेवलं होतं. बाकी माझं काम डबा आणि पाणी.

विमान सात मिनिटं हवेत होतं. मी पाच मिनिटं श्वास धरून होते. उतरलं तेव्हा ते जरा घसटलं, नाकाला माती लागली. ती धावत गेली, आधी बॅटरीची वायर काढली, मग माझा हात धरून माझं बोट मोटरीवर टेकवलं आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच.

"बघ," ती म्हणाली, "ठेवता येतंय."